शंभरावर थांबलेला काटा

माझ्या जिभेला हाड नाही असं आमच्या घरात सगळे म्हणतात. म्हणोत. पण मला खोटं बोलता येत नाही हेही तितकंच खरं आहे, आणि ते मात्र कुणी तोंडावर बोलून दाखवत नाही. दाखवलं ते एकट्या जावयांनी, तेही नको त्या वेळी. ते पुढे येईलच.

लग्न होऊन या घरात आले तेव्हा मला दोन सासवा मिळाल्या. एक खरी, ती बिचारी लवकर गेली. दुसरी घरामागच्या शेडमध्ये रात्रंदिवस घुमत बसलेली. तिला सगळे म्हातारी म्हणायचे. म्हातारी म्हणजे स्टीलची उभी टाकी, माणसाच्या दुप्पट उंच, आणि तिच्या पोटात व्हिनेगर करणारे जिवाणू. फळांच्या रसाची आधी पातळ दारू करायची, ती या टाकीत ओतायची, आणि आतल्या मंडळींनी हवा खात खात त्या दारूचं आंबट व्हिनेगर करायचं, असा आमचा धंदा. टाकीच्या बुडाशी एक चाक असतं. मोटर ते फिरवते, चाक नळीतून वरची हवा खाली ओढतं आणि तिचे बारीक बारीक बुडबुडे करून सोडतं. त्या बुडबुड्यांवर सगळ्यांचं जगणं. दारू संपत आली की निम्मा माल काढून घ्यायचा आणि तितकीच ताजी दारू ओतायची. उरलेल्या निम्म्यात जिवाणू असतातच, ते पुढचं काम धरतात. आजच्या दह्यातलं चमचाभर उद्याच्या विरजणाला ठेवतो ना आपण, तसंच. फक्त हे विरजण माझ्या सासऱ्यांनी लावलेलं आणि तेव्हापासून एकदाही न तुटलेलं. टाकी बदलली, मोटर बदलली, सासरे गेले. म्हातारी तीच.

दह्याचं विरजण वाटीत विसरलं तरी मरत नाही. म्हातारीचं तसं नव्हतं. हवा थांबली की संपलं, मिनिटभराचीही सवलत नाही. म्हणून वीज गेली की जनरेटर आपोआप लागायचा. आणि म्हणूनच आम्ही नवरा-बायको लग्न झाल्यापासून कधी जोडीने घराबाहेर पडलो नाही. जोडीने जेवलोही नाही. मी शेडमध्ये असले की हे जेवून घ्यायचे आणि माझं ताट झाकून ठेवायचे. मग मला हाक मारून हे शेडमध्ये जायचे आणि मी येऊन जेवायची. “माझं झालं, तू बस जेवायला, मी तिकडे बघतो,” हे वाक्य यांनी मला जितक्या वेळा ऐकवलं तितक्या वेळा माझं नावसुद्धा घेतलं नसेल. आमच्या एकुलत्या एका लेकीच्या, छकुलीच्या लग्नात, शेजारच्या गॅरेजवाल्याला टाकीपाशी बसवून हे फोटोपुरते आले, आणि “मोटरचा आवाज बदललाय असं वाटतंय” म्हणत निघून गेले. हॉलमधून! मधे अख्खं गाव होतं. आता बोला.

तर यंदा उन्हाळ्याच्या तोंडाशी छकुली नवऱ्याला घेऊन आमच्याकडेच राहायला आली. जावई इमारतींचे नकाशे काढायचे. ज्या कचेरीत काढायचे ती बंद पडली. दुसरीकडे विचारून विचारून चपला झिजल्या, शेवटी भाड्याचं घर सोडावं लागलं. माणूस टापटिपीचा, पेन्सिलीसुद्धा उंचीप्रमाणे लावून ठेवणारा. आमच्याकडे आल्यावर पहिल्या दिवशी त्यांनी एका पायात बूट घातला, आणि दुसरा हातात धरून पायरीवर किती वेळ बसून राहिले देव जाणे. मी आपली बोलून गेले, “काय जावईबापू, मोची व्हायचा विचार आहे का?” हसले नाहीत. माझ्याकडे पाहिलंही नाही.

छकुलीने मला स्वयंपाकघरात ओढलं आणि दार लावलं.

“आई, त्याला टोचून बोलू नकोस. हात जोडते.”

“अगं, थट्टा केली. एवढं काय?”

“तो मागे पुलाच्या कठड्यापाशी उभा होता. बराच वेळ. ओळखीचं कुणीतरी तिथून जात होतं, त्याने हाक मारली म्हणून वळला.” मग ती हळू आवाजात म्हणाली, “नुसता उभा नव्हता गं. चपला काढून बाजूला ठेवल्या होत्या. नीट जोडीने.”

माझ्या अंगावर सरसरून काटा आला. मी यांना सांगितलं. यांनी ऐकून घेतलं. बोलण्याचं खातं माझ्याकडे, यांच्याकडे नाही. पण दुसऱ्या दिवशी चहा झाल्यावर यांनी जावयांना म्हटलं, “जरा येता का मागे? एकट्याच्याने होत नाही हल्ली.” धादांत खोटं. यांच्या एकट्याच्याने सगळं होत होतं.

त्यानंतर जावई रोज शेडमध्ये जायला लागले. हे स्वतः टाकीचं सगळं कानाने आणि तळहाताने ओळखायचे. पण नकाशे काढणाऱ्या माणसाला आकड्यांचा आधार लागतो म्हणून यांनी कुठूनसं एक जुनं मीटर मिळवलं. पाण्यात किती ऑक्सिजन विरघळलाय ते दाखवणारं, टक्क्यांत, काट्याचं. जावयांसाठी म्हणून ते मुद्दाम आणलं, हे मी इथं सांगून ठेवते. काटा पन्नास-साठ-सत्तरच्या आसपास थरथरत असायचा. जावयांनी सगळ्या नळ्यांचा आणि झडपांचा सुंदर नकाशा काढून भिंतीला लावला. हेही तोंड भरून शिकवायचे. जन्मात माझ्याशी बोलले नाहीत इतकं त्या शेडमध्ये बोलले.

“चहाचं आधण ठेवलं की उकळायच्या आधीच भांड्याच्या बुडाला बारीक बुडबुडे दिसतात ना?” हे सांगत होते, मी डबे धूत ऐकत होते. “ती पाण्यातली हवा. पाणी जितकं ऊन, तितकी हवा त्यात कमी मावते. ऊन पाण्यात ती शिरते पटकन, पण ठरत नाही. आणि नेमकी तेव्हाच या मंडळींची भूक वाढते. ताट लहान आणि खाणारी तोंडं मोठी. म्हणून तिसाच्या वर जाऊ द्यायचं नाही. फारच तापली तर होरपळूनच जाते. तापली की आधी थंड करायची, बाकी सगळं मागनं.”

“पण ही इतकी तापते कशाने?” जावयांनी विचारलं.

“थोडी उन्हाने, थोडी मोटरने, पण जास्त स्वतःच्याच अंगाने. काम करणाऱ्याचं अंग तापणारच. टाकीत फिरवलेली ही थंड पाण्याची नळी तासभर बंद ठेवा, जिवंत म्हातारीचं अंग कढत होतं की नाही बघा.”

“आणि काटा? शंभरावर जात नाही कधी?”

“ती खात असते ना सारखी. कसा जाईल?”

जावई मान हलवायचे. हळूहळू जेवायला लागले, दाढी नीट व्हायला लागली. घरजावई हा शब्द मी जिभेच्या टोकावर आला तरी गिळत होते, आणि मला ओळखतात त्यांना कळेल की हे काय तप होतं.

मग माझी नणंद गेली. यांची थोरली बहीण. यांना तिनेच वाढवलेलं, अंगाखांद्यावर खेळवलेलं. सकाळीच फोन आला. हे फोन ठेवून भिंतीला टेकून उभे राहिले आणि म्हणाले, “तू जाऊन ये. मी थांबतो.”

“लाज नाही वाटत?” मी म्हटलं. “आई शेडमध्ये अडकलेली असताना तुम्हाला तिने हाताने भरवलं. तिला पोचवायला तुम्ही नाही जायचं तर कुणी जायचं?”

जावई दारात होते. म्हणाले, “बाबा, तुम्ही सगळेच जा. मी बघतो.”

त्यांचा चेहरा असा होता की नाही म्हणणं म्हणजे थोबाडीत मारणं. छकुली माझ्या कानाशी लागली, “त्याला दिवसभर एकटं सोडायचं?” यांच्या कानावर ते गेलं असावं. हे म्हणाले, “एकटे कुठे, म्हातारी आहे ना.” मग जावयांच्या खांद्यावर हात ठेवला. “तुमच्यावर सोडून जातो.”

जाताना सगळं सांगितलं. ऊन फार आहे, बर्फवाला दुपारच्या आत येईल, लाद्या गार पाण्याच्या टाकीत टाका. जनरेटरचं डिझेल भरलेलं आहे. फेस आला तर ही झडप. सगळं सांगितलं, एक सोडून. मोटर कधीही थांबवायची नाही, हे सांगितलं नाही. यांना सुचलंच नाही. श्वास घेत राहा, असं कुणी कुणाला सांगतं का?

आम्ही परतलो तेव्हा दिवस कलला होता. फाटकातूनच मोटरची घरघर ऐकू आली आणि मला हायसं वाटलं. जावई शेडच्या दारात उभे. शर्ट घामाने चिंब, पण चेहऱ्यावर असं तेज की मी लग्नातसुद्धा पाहिलं नव्हतं.

“बाबा, दुपारी वाट लागायची वेळ आली होती! बर्फवाला वेळेवर आलाच नाही. वरच्या टाकीतलं पाणीच कढत, ते काय हिला थंड करणार? चौतीसवर गेली. मोटर तर हात लावू देईना. तुम्हाला फोन करावा म्हटलं, पण मयताच्या घरी कसा करायचा? मग आठवलं, आधी थंड करायची. मीटर सत्तर दाखवत होतं, म्हटलं साठा भरपूर आहे. म्हणून मोटर जरा बंद केली. पाचेक मिनिटंच, तिचीही ऊब टाकीलाच लागत होती ना. मग पुन्हा चालू केली, आणि काय सांगू, तापमान आपोआप उतरायला लागलं! नंतर बर्फही आला. आता अठ्ठावीस आहे. आणि ऑक्सिजन तर बघा!”

काटा शंभरावर होता. सरळ, थरथर नाही की हालचाल नाही.

माझी शाळा यथातथाच, पण त्या शेडमध्ये आयुष्य काढलंय मी. सत्तर टक्के म्हटल्यावर जावयांना वाटलं मोबाईलच्या बॅटरीसारखं असेल, सत्तर आहे म्हणजे बराच वेळ पुरेल. पण सत्तर टक्के कशाचे? ऊन पाण्यात मावते त्या चिमूटभर हवेचे. आणि म्हातारीचं हातावर पोट. साठा असा तिच्याकडे नव्हताच कधी. मोटर आणून देणार आणि ती लगेच खाणार. चौतीसावर, भूक खवळलेली असताना, ती चिमूटभर हवा चार-पाच क्षणांत संपली असेल. पुढची पाच मिनिटं तिने काय केलं असेल ते मी मनात आणू शकले नाही. आणि शंभर? शंभर म्हणजे हवा भरपूर आहे आणि खाणारं कुणी उरलेलं नाही.

माझं तोंड उघडलं. यांनी माझं मनगट असं दाबलं की बांगडी रुतली.

“छान केलंत,” हे म्हणाले. “दमला असाल. जा, हातपाय धुवून घ्या.”

यांचा आवाज इतका नेहमीसारखा होता की क्षणभर मलाच वाटलं, चुकतेय की काय मी. पण जावई आत गेल्यावर यांनी दोन्ही तळहात टाकीला लावले आणि कपाळ टेकवलं. सकाळी बहिणीच्या पायांवर टेकवलं होतं तसंच. मग गार पाण्याची नळी बंद केली. जिवंत असेल, थोडी जरी असेल, तरी अंग तापेल. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेले तर हे तिथेच बसलेले. टाकी भिंतीइतकी गार होती.

“गेली,” हे म्हणाले.

“मग सांगा त्यांना.”

“नाही.”

“अहो, धंदा बुडाला आपला! सासऱ्यांच्या हातचं विरजण ते, आता कुठून आणायचं? आणि त्या माणसाला वाटतंय की त्याने गड जिंकला!”

“वाटू दे.”

“वाटू दे? डोकं ठिकाणावर आहे ना?”

हे उठले आणि नळी पुन्हा सुरू केली. “म्हातारी गेली ती गेली. तिच्या पाठोपाठ तो पोरगा जायला नको. तू एक शब्द बोलायचा नाहीस. शपथ आहे तुला.”

लोक म्हणतात, म्हातारी मेल्याचं दुःख नाही, पण काळ सोकावतो. मला दोन्हींचं होतं. दुःख पोटात मावत नव्हतं, आणि काळ सोकावला तर पुढचा घास कोणाचा, ते मला चांगलं माहीत होतं.

यांनी एक प्रयत्न करून पाहिला. सासऱ्यांनी ऐन उमेदीत लांबच्या एका कारखानदाराला आपलं विरजण दिलं होतं. त्याच्या मुलाला फोन केला. तो म्हणाला, काका, आम्ही कधीच बंद केलं ते, आता तयार माल आणतो आणि बाटल्यांत भरतो. मोठे कारखाने आपले जिवाणू बाहेर कुणाला देत नाहीत. झालं, ते दार बंद.

मग सुरू झालं आमचं नाटक. मोटर चालू, गार पाणी चालू, वीज आणि पाणी दोन्ही फुकट. हे जावयांना घेऊन टाकीतला निम्मा माल काढायचे, ताजी दारू ओतायचे, आणि काढलेलं ते आंबट ना दारू ना व्हिनेगर रात्री जावयांच्या नकळत मागच्या दाराने गटारात सोडून द्यायचे. गिऱ्हाइकांना गोदामातला जुना माल जात होता. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण मूठ किती दिवस झाकायची? गोदामातली पिंपं एकेक करून रिकामी होत होती. जावयांना सांगितलेलं, आणखी मुरावा लागतो म्हणून नवा माल वेगळा ठेवलाय. मेल्याला वारा घालत बसायचं, आणि घालणाऱ्याला म्हणायचं, वा, काय छान झोप लागलीय!

आणि जावई? फुलून आले. सकाळी शीळ घालत शेडमध्ये जायचे. नकाशात रंग भरले. मला म्हणाले, “आई, मोची नाही झालो, पण गवळी झालो बघा. हिचंच दूध काढतो.” मी हसले. मला हसता आलं नाही, दात दिसले फक्त. छकुली म्हणायची, “आई, काल तो झोपेतसुद्धा हसला गं.” तिलाही सांगितलं नव्हतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार कसा असतो ते मला त्या दिवसांत कळलं. मला त्यांचा राग यायचा. असा राग की भांडी घासताना हातातला डबा चेपायचा. त्यांच्या ताटात मी पळी आपटून वाढायची. लगेच त्या पुलाची आठवण व्हायची, नीट जोडीने ठेवलेल्या चपलांची, आणि मी एक जास्त घास वाढून मोकळी व्हायची.

हे मात्र वाळत चालले. दिवसा जावयांसमोर ठीक. संध्याकाळी टाकीला कान लावून बसायचे. नुसती मोटर ऐकू येते हो, मी म्हणायची. हे म्हणायचे, असू दे.

एकदा जावयांनी विचारलंच. “बाबा, काटा हल्ली शंभरावरून हलतच नाही. तुम्ही म्हणाला होता ना, कधी जात नाही म्हणून?”

हे हातातलं फडकं झटकत म्हणाले, “तुमचा हातगुण.”

जावई हसले नाहीत. काट्याकडे बघत राहिले. माझ्या लक्षात आलं, पण मी लक्षात येऊ दिलं नाही.

त्यानंतरची गोष्ट. दुपारची वेळ, मी भाजी चिरत होते. आणि एकदम काहीतरी झालं. काय झालं ते आधी कळेना. नळ ठिबकतोय हे ऐकू आलं. भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू आली, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मग कळलं की मोटर थांबली.

जनरेटरही लागला नाही. म्हणजे वीज गेली नव्हती. कुणीतरी बटण दाबलं होतं.

माझ्या डोळ्यांसमोर नको नको ते आलं. शेडमधली आढ्याची कडी, दोरखंड, सगळं. मी सुरी हातात तशीच धरून अनवाणी पळाले. छकुली कपडे वाळत घालत होती, तीही मागनं पळाली. हे आतल्या खोलीत जरा आडवे झालेले, त्या शांततेने दचकून जागे झाले आणि धोतर-पायजमा कशाचं भान न ठेवता धडपडत आले.

जावई उपड्या डब्यावर बसले होते. एक हात टाकीवर. आम्हाला तिघांना दारात बघून त्यांनी हात काढला नाही.

“म्हातारी गेली ना, बाबा?”

हे पायजम्याची नाडी आवळायला लागले.

“सकाळपासून गार पाणी बंद ठेवलं होतं मी. तापली नाही. तुम्हीच शिकवलं होतं.” आवाज अगदी सरळ, वर नाही, खाली नाही. “तेव्हाच गेली का? मी मोटर थांबवली तेव्हा?”

“अहो, नाही हो,” हे म्हणाले. “जुनी झाली होती. यंदाचं ऊनच असं होतं. कुणी असतं तरी गेलीच असती. तुम्ही मनाला लावून...”

जावयांनी यांचं ऐकून घेतलं आणि माझ्याकडे वळले.

“आई, तुम्हाला खोटं बोलता येत नाही. तुम्ही सांगा.”

हे माझ्याकडे बघून मान हलवत होते, नको, नको. छकुलीने तोंडावर हात दाबला होता, तिला बिचारीला आत्ता सगळं कळत होतं. खोटं माझ्याकडे तयार होतं. देवाशपथ सांगते, अशी वेळ येणार म्हणून मी ते पाठ करून ठेवलं होतं, ऊन, जुनी टाकी, सगळं. पण त्या माणसाकडे पाहिलं आणि वाटलं, किती दिवस आम्ही सगळे याच्याभोवती चवड्यांवर चालतोय. कुणी खरं बोलत नाही, कुणी भांडत नाही. छान केलंत, हातगुण, एक घास जास्त. अशा घरात जीव कसा लागेल कुणाचा?

“हो,” मी म्हणाले. “तुम्ही मोटर थांबवलीत म्हणून गेली. तेव्हाच गेली.”

“अगं!” हे ओरडले.

“अगं काय? विचारलंय त्यांनी!” मग मला थांबता येईना. “मोटर थांबवायची नसते, हे तुम्हाला कुणी सांगितलं नाही. यांनी नाही, मी नाही. सगळं सांगितलं आणि तेवढं राहिलं. चूक तुमची आहे आणि आमचीही आहे. आणि मला राग आलाय तुमचा. खूप आलाय. रोज सकाळी तुम्ही शीळ घालत जाता तेव्हा येतो. पण पुलावर जाऊन उभे राहिलात, तर तो राग मी काढू कुणावर? मेलेल्या माणसावर रागावता येत नाही हो! तुम्ही इथेच राहायचं आणि माझं ऐकून घ्यायचं. घरजावई म्हणेन मी तुम्हाला. दहा वेळा म्हणेन. तेही ऐकून घ्यायचं.”

सुरी अजून माझ्या हातात होती, ती हलवत मी हे सगळं बोलत होते. जावई माझ्याकडे बघत राहिले. त्यांचा चेहरा आधी तसाच होता, मग एकदम फुटला. लहान पोरासारखे रडायला लागले, नाक वाहतंय, हुंदक्यावर हुंदका. छकुली त्यांच्यापाशी जाऊन बसली. लग्न झाल्यापासून त्याला रडताना मी कधी बघितलं नव्हतं, असं ती मला नंतर म्हणाली. हे दारातच उभे. यांचे डोळे जावयांवर नव्हते, टाकीवर होते. आता लपवायचं काही उरलं नव्हतं, म्हणून हेही रडले, पण आवाज न करता, यांच्या पद्धतीने.

कुणी पुन्हा बटण दाबलं नाही.

संध्याकाळी मी चार ताटं मांडली. या घरात एका वेळी चार ताटं कधी मांडली नव्हती. ताटं होती चार, पण पाट तीनच निघाले, एक जण जमिनीवर बसलं. चमच्यांचा आवाज होत होता, चावण्याचा होत होता. एकत्र जेवायला मिळावं म्हणून मी आयुष्यभर कुरकुर केली, आणि मिळालं ते असं. पुढे काय, गोदामातली पिंपं संपल्यावर खायचं काय, हे सगळ्यांच्या डोक्यात होतं.

यांनी घाईघाईने चार घास खाल्ले, हात झटकला आणि उठले.

“माझं झालं,” हे मला म्हणाले. “तू बस जेवायला, मी तिकडे...”

आणि तिथेच थांबले. दाराकडे तोंड, हात खरकटा. मला त्यांच्याकडे बघवेना.

जावई हळूच म्हणाले, “बसा, बाबा.”

हे पुन्हा बसले. मी ताटात आणखी थोडं वाढलं, आणि यांनी नको म्हटलं नाही.